प्रिंटर पुन्हा 'ऑफलाइन', फोल्डर पुन्हा गायब: घरच्या नेटवर्कची दुरुस्ती

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते बघा.

- प्रिंटरच्या काचेवर कागद ठेवून बटण दाबलं की झेरॉक्स छान निघते, पण लॅपटॉपवरून प्रिंट दिली की 'ऑफलाइन'.
- मोबाइलवरून प्रिंट जाते, लॅपटॉपवरून जात नाही. किंवा बरोबर उलट.
- 'नेटवर्क' उघडलं की बाबांचा पीसी दिसतच नाही. नाव टाइप केलं तर 'नेटवर्क पाथ' सापडत नाही म्हणतो आणि खाली ८००७००३५ असा आकडा.
- लाइट जाऊन आले, किंवा इंटरनेटवाल्याने डबा (राऊटर) बदलला, आणि तेव्हापासून सगळं बिघडलं.
- पीसी दिसतो, पासवर्ड मागतो, बरोबर टाकला तरी 'चुकीचा' म्हणतो.
- फोल्डर उघडतं, फाइल वाचता येते, सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही.
- दुसऱ्या पीसीला लावलेला प्रिंटर आपल्या लॅपटॉपवर जोडताना शेवटी ११बी असलेला एरर येतो.

पहिली चार लक्षणं रस्त्याची आहेत, म्हणजे यंत्रं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत; पुढची दोन कुलपाची, म्हणजे पासवर्ड-परवानगीची. शेवटचं विंडोजच्या अपडेटचं. ही वाटणी डोक्यात ठेवा, कारण लोक रस्ता बंद असताना कुलूप बदलत बसतात. आणि वैतागून शेवटी कुलूपच काढून टाकतात. तो किस्सा पुढे सांगतो, तो माझाच आहे.

मी पार्ल्यात राहतो. धंद्याने हिशेबनीस आहे, पण बिल्डिंगमध्ये 'कॉम्प्युटरचं त्याला विचारा' असं एकदा ठरलं की सुटका नसते. हा एकच बिघाड मी आमच्या सोसायटीत, गिरगावात आत्याकडे, मुलुंडला मित्राच्या आईच्या शिकवणीच्या खोलीत, किती वेळा दुरुस्त केला याची मोजदाद नाही. जून ते सप्टेंबर तर हंगामच. पाऊस सुरू झाला की लाइट मिनिटभर जाऊन येतात, त्यात ऑगस्ट-सप्टेंबरला सोसायट्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा काढायच्या असतात. रात्री साडेनऊला दारावर थाप पडते: "अरे, जरा येतोस का? प्रिंटर परत रुसलाय."

खालचा क्रम फुकट आणि सोप्यापासून वेळखाऊपर्यंत आहे. मधूनच उडी मारू नका. मी मारली आहे, आणि दोन तासांनी कळलं की ज्या पीसीला प्रिंटर लावलाय तो झोपला होता.

१. कोण झोपलंय ते बघा, मग क्रमाने बंद-चालू करा

प्रिंटर यूएसबी वायरने बाबांच्या पीसीला लावलेला असेल आणि तुम्ही तो शेअर करून वापरत असाल, तर बाबांचा पीसी जागा असेल तरच प्रिंटर जागा. पडदा काळा झाला आणि पीसी 'स्लीप'मध्ये गेला की घरातल्या बाकी सगळ्यांना प्रिंटर ऑफलाइन. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. पडदा बंद झाला तरी चालतो. विजेचं बिल नको असेल आणि प्रिंटरला वायफाय असेल, तर पीसीला मधला दलाल करूच नका, प्रिंटर थेट वायफायवर घ्या.

जागे सगळे असतील तर सगळं बंद करा आणि या क्रमाने लावा: आधी इंटरनेटवाल्याचा डबा, दोन-तीन मिनिटांनी तुमचा दुसरा राऊटर असेल तर तो, मग प्रिंटर, सगळ्यांत शेवटी कॉम्प्युटर. क्रम का? लाइट आल्यावर सगळं एकदम सुरू होतं. प्रिंटर वीस सेकंदांत उठतो, राऊटरला दोन मिनिटं लागतात. प्रिंटर उठून वायफाय शोधतो, मिळत नाही, काही जुनी मॉडेल तिथेच हात टेकतात.

याने चाललं तर आजचं काम करून घ्या, पण खूश होऊ नका. बंद-चालू करून बरं होतं आणि आठवड्याने परत होतं, तर तुमचं खरं दुखणं चौथ्या मुद्द्यात आहे.

२. सगळे एकाच वायफायवर आहेत का?

हा प्रश्न विचारला की लोकांना अपमान वाटतो. तरी विचारतोच. फोन मोबाइल डेटावर असतो. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर असतो. गेस्ट वायफायवरच्या उपकरणांना घरातलं बाकी काही दिसू नये, यासाठीच ते असतं. ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या खासगी रस्त्यावर असतो. व्हीपीएन चालू असताना अनेक ऑफिसं घरच्या नेटवर्कचा रस्ता मुद्दाम बंद ठेवतात. व्हीपीएन सोडा, प्रिंट काढा, परत जोडा.

मुंबईच्या घरांतली खास भानगड मात्र दोन राऊटरची. हॉलमध्ये फायबरवाल्याने लावलेला डबा. जुन्या बिल्डिंगच्या जाड भिंतींतून आतल्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून कोणीतरी लॅमिंग्टन रोडवरून दुसरा राऊटर आणतं, हॉलमधून वायर ओढून आत लावतं. इंटरनेट दोन्हीकडे झकास चालतं, त्यामुळे शंकाही येत नाही. पण त्या दुसऱ्या राऊटरने आपली वेगळी वस्ती थाटलेली असते. आतल्या खोलीतला लॅपटॉप एका वस्तीत, हॉलमधला प्रिंटर दुसऱ्या.

तपासायचं असं. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करून काळी खिडकी उघडा, आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत एकसंध लिहा, एंटर. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' समोरचा आकडा बघा. दुसऱ्या पीसीवरही बघा. एकाचा १९२.१६८.१.२० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१५ असेल तर सापडलं: घरगुती नेटवर्कमध्ये सहसा पहिले तीन गट सारखे लागतात. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या यंत्राला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायर किंवा वायफाय सोडून पुन्हा जोडा.

इलाज: दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो चालू करा. मग तो नुसती रेंज पसरवतो, स्वतःची वस्ती करत नाही. जुन्या राऊटरला हा मोड नसेल तर त्याला आधी पहिल्या वस्तीतला एक मोकळा पत्ता द्या, मग त्याचं 'डीएचसीपी' (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि हॉलमधून आलेली वायर त्याच्या वेगळ्या रंगाच्या 'वॅन' भोकातून काढून साध्या 'लॅन' भोकात लावा.

राऊटर नवा असेल तर आणखी एक. बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. नव्या राऊटरवर ५ गिगाहर्ट्झच चालू असेल, किंवा सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए३' ठेवली असेल, तर जुना प्रिंटर बाहेर उभा राहतो. २.४ चालू करा आणि सुरक्षा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' अशी मिश्र ठेवा. प्रिंटरसाठी सुरक्षा काढून वायफाय उघडं टाकू नका.

३. विंडोज तुमच्या घराला परकं घर समजतंय का?

डबा बदलला, वायफायचं नाव बदललं, की विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क. नव्या नेटवर्कला ते 'पब्लिक' धरतं आणि स्वतःला लपवतं. रेल्वे स्टेशनच्या फुकट वायफायवर हेच हवं असतं. घरी मात्र त्यामुळेच बाबांचा पीसी 'गायब' होतो.

विंडोज ११ मध्ये: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, जोडलेल्या नेटवर्कचं प्रॉपर्टीज, तिथे 'प्रायव्हेट' निवडा. वायरने जोडलेला पीसी असेल तर वायफायऐवजी इथरनेट. मग परत 'नेटवर्क अँड इंटरनेट'च्या पानावर 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्यात 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू. पब्लिकखाली दोन्ही बंद. सगळ्यांत खालचं 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालूच राहू दे. हे दोन्ही पीसींवर करा.

इथेच कोणीतरी सल्ला देतं, 'फायरवॉल बंद करून टाक'. नको. फायरवॉलमध्ये शेअरिंगसाठीचे दरवाजे वरच्या सेटिंगनेच उघडतात, तेवढेच आणि फक्त प्रायव्हेट नेटवर्कवर. पूर्ण बंद केली की ती परत चालू करायची आठवण कोणालाच राहत नाही. वेगळा विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि तीही घर 'पब्लिक' धरून बसलेली असू शकते. तिच्यातही हे नेटवर्क 'होम' किंवा 'ट्रस्टेड' करावं लागतं.

पीसी अजून दिसत नसेल तर नावाऐवजी पत्त्याने हाक मारून बघा. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत उलटी तिरपी रेघ दोनदा, आणि लगेच पुढे त्या पीसीचा आकडा, एंटर. फोल्डर उघडलं, तर रस्ता ठीक आहे, फक्त नाव पुकारणारा आजारी आहे. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे 'सर्व्हिसेस' उघडून 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ऑटोमॅटिक करा, सुरू करा. मी तर आता सगळ्यांना पत्त्यानेच शॉर्टकट करून देतो. 'नेटवर्क'ची यादी हा प्रकार विंडोजमध्ये लहरी आहे, तिच्यावर विसंबू नये.

४. प्रिंटर घर बदलतोय

माझ्या अनुभवात परत परत येणारं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा, म्हणजे पत्ता, देतो. कायमचा देत नाही, ठराविक मुदतीने देतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखं समजा. मुदत संपली किंवा राऊटर बंद-चालू झाला की प्रिंटरला दुसरी खोली मिळू शकते आणि त्याच्या जुन्या खोलीत कोणाचा तरी मोबाइल राहायला येतो. लॅपटॉप मात्र जुन्याच दारावर थापा मारत राहतो. आतून उत्तर नाही. म्हणून 'ऑफलाइन'.

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काकांकडे अगदी हेच. काका सोसायटीचे सेक्रेटरी, प्रिंटर शिलाई मशीनच्या फळीवर, त्यावर क्रोशाचा रुमाल. मी रुमाल बाजूला केला, काकू म्हणाल्या, "तो धुळीसाठी आहे हं." प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर नेटवर्क सेटिंगमध्ये गेलो आणि 'नेटवर्क कॉन्फिगरेशन' छापायला सांगितलं. एक पान निघालं, पावसाळी हवेने किंचित लाटा आलेलं. पत्ता: १९२.१६८.१.७. मग लॅपटॉपवर त्या प्रिंटरचं 'प्रिंटर प्रॉपर्टीज', 'पोर्ट्स'. तिथे टिक होती १९२.१६८.१.४ वर. म्हटलं, ४ वर कोण राहतं बघू. राऊटरच्या यादीत ४ वर काकांच्या नातवाचा टॅब. म्हणजे काकांचा लॅपटॉप दोन दिवस सभेची नोटीस नातवाच्या टॅबला देत होता.

"मग मी गेले दोन दिवस त्या प्रिंटरला शिव्या दिल्या त्या फुकटच म्हणायच्या," काका म्हणाले.

कायमचा इलाज दोन टप्प्यांचा.

पहिला, राऊटरमध्ये. प्रिंटरच्या त्या पानावरच 'मॅक ॲड्रेस' नावाचा अक्षर-आकड्यांचा लांब क्रमांक असतो, तो यंत्राचा जन्मजात क्रमांक. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा (डीएचसीपीच्या पानावर असतं) आणि या क्रमांकाला एक पत्ता कायमचा बांधून द्या. अकरा महिन्यांचा करार संपला, आता पागडीची खोली. इंटरनेटवाल्याच्या काही डब्यांत ग्राहकाला हे पान उघडता येत नाही. मग त्यांच्या माणसाला करायला सांगा, किंवा राऊटर ज्या दोन आकड्यांमधले पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा एक पत्ता प्रिंटरमध्येच हाताने भरा. त्यांच्या आतला भरलात तर एक दिवस दोघांना एकच खोली मिळेल आणि भांडण नव्याने सुरू.

ज्या पीसीवर शेअर केलेलं फोल्डर आहे त्यालाही असाच पत्ता बांधा. त्या पीसीच्या वायफायमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' चालू असेल तर घरच्या नेटवर्कपुरतं बंद करा, नाहीतर तो नवा जन्म घेऊन येऊ शकतो आणि राऊटर त्याला ओळखत नाही.

दुसरा टप्पा, लॅपटॉपवर. जुना प्रिंटर काढून टाका आणि 'ॲड डिव्हाइस' नंतर येणारा 'ॲड मॅन्युअली' दाबा. आयपी पत्त्याने जोडायचा पर्याय घ्या, प्रकार 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' निवडा, पत्ता भरा. आपोआप जोडलेला प्रिंटर बऱ्याचदा 'डब्ल्यूएसडी' नावाच्या पोर्टवर बसतो, आणि प्रिंटर झोपून उठला की तो पोर्ट कधीकधी त्याला ओळखतच नाही. पत्त्याने जोडलेल्याला ही खोड नाही.

पत्ता बरोबर, तरी 'ऑफलाइन'? त्याच 'पोर्ट्स'मध्ये 'कॉन्फिगर पोर्ट' दाबून 'एसएनएमपी स्टेटस'ची टिक काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करतं, काही प्रिंटर त्याला उत्तरच देत नाहीत, आणि विंडोज समजतं की मेला.

आणि जुनी प्रिंट रांगेत अडकून बसली असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या फोल्डरमधल्या सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली उडवा (फोल्डर उडवू नका), स्पूलर परत सुरू करा. पाच मिनिटांचं काम.

५. पासवर्ड बरोबर आहे, तरी चुकीचा का?

आता कुलपाकडे. तीन कारणं आलटून पालटून निघतात.

एक, तुम्ही पिन टाकताय. रोज लॅपटॉप उघडताना जे चार-सहा आकडे टाकता ते फक्त त्या यंत्रापुरते. नेटवर्कवरून जाताना त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो वर्षानुवर्षं टाकलेला नसल्यामुळे कोणालाच आठवत नाही.

दोन, त्या पीसीला पासवर्डच नाही. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे.

तीन, जुना पासवर्ड लॅपटॉपने पाठ करून ठेवलाय. कंट्रोल पॅनलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर', 'विंडोज क्रेडेन्शियल्स', तिथून त्या पीसीची नोंद काढा आणि पुन्हा जोडा.

मी हल्ली सगळीकडे एकच पद्धत वापरतो. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे शेअरिंगपुरतं एक वेगळं स्थानिक खातं काढायचं, साधं 'स्टँडर्ड', ॲडमिनचं नव्हे. त्याला लांब पासवर्ड. बाकी सगळे लॅपटॉप त्या खात्याने जोडायचे. बाबांनी स्वतःचा पासवर्ड बदलला तरी शेअरिंगला धक्का नाही, आणि बाबांचा पासवर्ड घरभर फिरत नाही. नाव टाकताना आधी पीसीचं नाव, मग उलटी रेघ, मग खात्याचं नाव असं पूर्ण लिहा. नुसतं नाव लिहिलं तर लॅपटॉप ते खातं कधीकधी स्वतःच्याच घरात शोधतो.

आत गेल्यावर 'परवानगी नाही' येत असेल, तर लक्षात घ्या की फोल्डरला दोन कुलपं असतात. एक 'शेअरिंग'च्या पानावरचं, दुसरं 'सिक्युरिटी'च्या. दोन्हींत जे कडक असेल ते चालतं. शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' दिलं आणि सिक्युरिटीमध्ये त्या खात्याचं नावच नसेल, तर दार उघडं पण जाळी बंद.

आता माझा किस्सा. काही वर्षांपूर्वी दोन तास घालवूनही पासवर्ड घेईना, म्हणून मी घरच्या पीसीवर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं आणि फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण उघडं दिलं. चाललं. झोपलो. पण आमच्या वायफायचा पासवर्ड वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांकडे होता. त्यांचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा आईनेच दिला होता, शेजारधर्म. आठवड्याने त्यातला धाकटा जिन्यात म्हणाला, "दादा, तुमच्या लग्नाच्या फोटोंत मामांचा फेटा भारीये." मी हसलो, आणि मग पोटात गोळा आला. त्याच फोल्डरमध्ये घरातल्या सगळ्यांचे आधार आणि पॅन स्कॅन करून ठेवले होते, बाबांच्या फिक्स डिपॉझिटच्या पावत्या होत्या. मुलं सज्जन निघाली. त्यांच्या फोनमध्ये एखादं भलतंसलतं ॲप असतं तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही.

तेव्हापासून: शेअरिंगसाठी एकच वेगळं फोल्डर, अख्खं 'डॉक्युमेंट्स' किंवा सी ड्राइव्ह कधीच नाही. 'एव्हरीवन' काढून ते वेगळं खातं. ज्यात नुसतं बघायचंय तिथे फक्त 'रीड'. आणि शेजाऱ्यांना गेस्ट वायफाय; शेजारधर्मही राहतो.

६. जुनी यंत्रं, नवी विंडोज

इथवर सगळं बरोबर आणि तरी अडतंय, तर यंत्रांच्या वयात अंतर आहे.

राऊटरच्या यूएसबीला लावलेली जुनी हार्ड डिस्क किंवा दहा-बारा वर्षांपूर्वीचा स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारा प्रिंटर, यांना बऱ्याचदा 'एसएमबी१' ही फाइल शेअरिंगची जुनी भाषाच येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' व्हायरस याच जुन्या भाषेतल्या भोकातून घुसला होता. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती एकतर येतच नाही, नाहीतर काही दिवस वापरली नाही की आपोआप निघून जाते. 'विंडोज फीचर्स'मधून ती परत चालू करता येते, आणि अनेक जण तेच सुचवतात. मी करत नाही. राऊटरच्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर दिलं असेल तर ते टाकून बघा. नाहीतर ती डिस्क काढून सरळ एखाद्या पीसीला लावा आणि तिथून शेअर करा. स्कॅनसाठी फोल्डरऐवजी प्रिंटरचं ॲप किंवा पेनड्राइव्ह. चार पावलं जास्त चालावं लागतं, इतकंच.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो वापरणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो: पासवर्ड नसलेल्या, 'गेस्ट' म्हणून उघडणाऱ्या डिस्कला विंडोज जोडू देत नाही. अपडेटनंतर अचानक डिस्क बंद झाली असेल तर हेच असण्याची शक्यता मोठी. विंडोजवर नको, त्या डिस्कवर काम करा. तिला नाव-पासवर्ड द्या.

११बीचा एरर २०२१ मधला. त्या वर्षी विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत गंभीर भोकं सापडली आणि सप्टेंबरमधल्या अपडेटने दोन पीसींमधलं प्रिंटरचं बोलणं सक्तीने सांकेतिक केलं. एक पीसी अपडेट केलेला, दुसरा नाही, की बोलणं तुटतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) एक शून्य टाकून ही सक्ती उठवायची युक्ती सगळीकडे फिरते. त्याऐवजी दोन्ही पीसी अपडेट करा. तेवढ्याने नाही झालं आणि प्रिंटरला वायफाय असेल, तर चौथ्या मुद्द्याप्रमाणे पत्त्याने थेट जोडा, मधला पीसीच नको. आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हेही हिशेबात धरा.

७. राऊटरमध्ये काय उघडं राहिलंय

कोणी पूर्वी खटपट केली असेल तर राऊटरचं 'पोर्ट फॉरवर्डिंग'चं पान बघा. ४४५, १३९ किंवा ९१०० हे आकडे (फाइल शेअरिंगचे आणि प्रिंटरचे दरवाजे) बाहेरच्या जगासाठी उघडे असतील तर आत्ताच काढा. ऑफिसमधून घरच्या फोल्डरला हात लावता यावा म्हणून कोणीतरी ते केलेलं असतं. राऊटरचा ॲडमिनचा पासवर्ड डब्याच्या मागे छापलेलाच असेल तर तोही बदला.

कुठे थांबायचं

डब्यावर 'लॉस'चा दिवा लाल असेल तर तुमच्या हातात काहीच नाही. तो फायबर तुटल्याचा किंवा सुटल्याचा दिवा. पिवळी बारीक वायर वाकवून, फुंकर मारून बघू नका, इंटरनेटवाल्याला फोन करा. तो येईपर्यंत घरातलं शेअरिंग मात्र चालायला हवं, त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. ते नुसत्या इंटरनेटबरोबर बंद पडत असेल तर दुसरा मुद्दा परत वाचा.

ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये फायरवॉल, रजिस्ट्री, ॲडमिन यातलं काही करू नका. त्यांच्या आयटीवाल्यांना सांगा.

प्रिंटरला जळका वास, प्लगच्या पिनेला काळा डाग, एक्स्टेन्शन बोर्ड गरम: बटण नव्हे, मेन स्विच बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग प्रिंटरवाला.

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर शेअरिंगचा विषय संपला. बंद-चालू करू नका, 'रिपेअर'चं सॉफ्टवेअर चालवू नका. फोटो महत्त्वाचे असतील तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे न्या. दरवेळी चालू केल्याने उरलेलंही जातं.

फाइलींची नावं किंवा शेपट्या अचानक बदलल्या आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर सगळ्या पीसींचं वायफाय आणि वायर लगेच तोडा. काही पुसू नका, पैसे भरू नका. जाणकाराला बोलवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आणि वरचे सगळे मुद्दे करून दोन संध्याकाळी गेल्या असतील तर माणूस बोलवाच. तो आला की त्याच्या बाजूला बसा. त्याने फायरवॉल बंद केली, 'एव्हरीवन' दिलं किंवा एसएमबी१ चालू केलं, तर तिथेच थांबवा. त्याला प्रिंटरने छापलेलं ते पान, दोन्ही पीसींचे पत्ते आणि एररचा फोटो आधीच हातात द्या. काकांनी आता हे सगळं एका पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून राऊटरच्या मागे चिकटवलंय, प्रिंटरच्या पत्त्याखाली लाल शाईने दोन रेघा मारून. पासवर्ड त्यावर लिहू दिला नाही मी. तो काकूंच्या डायरीत आहे, दुधाच्या हिशेबाच्या पानावर.